गर्शोन रोहेकरनं ऐकलेलं इस्तंबूल

कार्डिफला ऑक्टोबरात पाऊस पडत नाही, लोंबकळतो. वर ढग, खाली धुकं, आणि मधे माणसाच्या कॉलरीत नेमकी शिरेल एवढी ओल. १९६९ सालच्या त्या मंगळवारी पहाटे पाचला तसलंच होतं. स्प्लॉटच्या पोलाद कारखान्याकडचं आभाळ तांबूस झालं होतं, ब्रुअरीतून उकडलेल्या सातूचा वास येत होता, आणि अख्ख्या गल्लीत दोनच जीव हिंडत होते. एक दूधवाला, दुसरा गर्शोन रोहेकर.

गर्शोन कौन्सिलच्या पाणीखात्यात होता आणि त्याचं काम असं होतं, की ते सांगितलं तर लोकांना तो थट्टा करतोय असं वाटायचं. तो गळती ऐकायचा. फूटपाथवरचं लोखंडी झाकण उचलायचं, खालच्या कॉकवर चार फुटी लाकडी काठी टेकवायची, काठीच्या वरच्या टोकाची वाटीसारखी चकती कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. नळ धड असला तर काठी मुकी राहते. जमिनीखाली कुठं पाणी फुटत असलं तर काठीतून बारीक सूं ऐकू येतं, चुलीत ओलं लाकूड घातल्यावर येतं तसं. मग पुढचं झाकण, त्याच्या पुढचं झाकण, आणि सूं जिथं सगळ्यात मोठं तिथं खडूनं फुली. मागून कुदळवाले येतात. हे सगळं गाव निजलेलं असताना, गाड्या सुरू व्हायच्या आत. खात्यात तिला लिसनिंग स्टिक म्हणत. गर्शोनची बायको बेला तिला कानकाठी म्हणायची, आणि घरात कोटांच्या खुंटीशेजारी तिला मानाची जागा होती.

ही काठी खात्याची नव्हतीच मुळी. सागवानी होती, मुंबईहून आलेली. गर्शोनचा बाप रोह्याजवळ तेलाचा घाणा चालवायचा. शनवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. कुलाबा जिल्ह्यातल्या बेने इस्राएलांना, म्हणजे मराठी ज्यूंना, सगळे तसंच ओळखत. घाण्यावर चार भावांचं पोट भरेना, तेव्हा सियोनमामानं गर्शोनला मुंबईत आणून म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात चिकटवला. सियोनमामा म्हणजे गळतीचा देवमाणूस, पण भारी तुसडा. मागून हाक मारली तर मान वळवायचा नाही. साहेबानं 'गुड मॉर्निंग' केलं तरी सरळ पुढं निघून जायचा. आणि एक सवय विचित्र. सगळे काठी कानाला लावत, हा ती दातांत धरायचा. चकतीची कड घट्ट चावून, डोळे मिटून, रवंथ करणाऱ्या बैलासारखा उभा. "मामाला काठीची तलफ आलीय," असं कुदळवाले म्हणायचे. मामा गेला, काठी गर्शोनकडे आली. चकतीच्या कडेला मामाच्या दातांचे वण तसेच राहिले होते.

त्या पहाटे गर्शोननं ओळीनं सोळा झाकणं उघडली. सोळाच्या सोळा मुकी. पूर्वी अशानं माणूस खूश होऊन चहाला गेला असता. आता त्यानं सोळावं पुन्हा एकदा ऐकलं. कारण गेल्याच महिन्यात कार्डिफच्याच कँटन भागातली एक गल्ली त्यानं अशीच मुकी ऐकली होती, वहीत 'ठीक' लिहिलं होतं, आणि दोन दिवसांनी तिथला रस्ता फुटून पाणी खिडक्यांपर्यंत उडालं होतं.

कान जात चालले होते. दोन वर्षं झाली. आधी घड्याळाची टिकटिक गेली, मग बेलाच्या बांगड्या. उजवा जवळजवळ बसला होता, डाव्यात कापूस कोंबल्यासारखं व्हायचं. हे त्यानं कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नव्हतं.

सात वाजता सुपरवायझर प्रिचर्ड व्हॅन घेऊन आला. लाल गालांचा, मनानं मऊ माणूस.

"गर्शोन, बाख," तो म्हणाला. वेल्श माणूस जीव लावला की नावापुढं हे 'बाख' जोडतो. पण आज त्याची नजर बुटांकडे होती. "पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, सगळ्या ऐकणाऱ्यांचे कान मशीनवर तपासायचेत. वरून ऑर्डर आलीय. जो नापास होईल तो स्टोअरला."

स्टोअर म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये बसून वॉशर आणि बोल्ट वाटणं. गर्शोननं मान डोलावली आणि सतरावं झाकण उघडलं.

घरी आला तर स्वयंपाकघरात बेला आणि सुलक्षणा टेबलावर नकाशा पसरून बसल्या होत्या. बेला हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये चादरी शिवायची. तिथल्याच डॉक्टर माधवची बायको सुलक्षणा, मूळची पुण्याची, पस्तिशीची, तोंडाची टकळी कायम सुरू. युनिव्हर्सिटीच्या संध्याकाळच्या वर्गात ती 'बायझँटियम', म्हणजे जुन्या इस्तंबूलचा इतिहास, शिकत होती आणि अख्खा वर्ग गुरुवार ते सोमवार इस्तंबूलला निघाला होता.

"गर्शोनभाऊ, तुमची बॅग भरा," ती म्हणाली. "वर्गातल्या मिसेस इव्हान्सचा पाय मोडला आणि आमच्या ह्यांना ड्यूटी लागली. दोन सीट्स रिकाम्या आहेत. बेलाताई हो म्हणाल्यासुद्धा!"

"ती म्हनली, मी नाय म्हनलो," गर्शोन बूट काढत म्हणाला. "घुमट बगून मी काय करू, डाक्टरीणबाई? आमच्या कौन्सिलवर पन घुमट हाय."

"अहो, नुसते घुमट नाहीत काही! व्हॅलेन्सचा ॲक्विडक्ट आहे. दगडी कमानींवरून शहरात पाणी आणलेलं, सोळाशे वर्षांपूर्वी. आणि शहराच्या पोटात जस्टिनियन बादशहाचा हौद, चौदाशे वर्षांचा. तीनशे छत्तीस खांब!"

गर्शोनचा एक बूट हातातच राहिला. "हौदात पानी हाय?"

"अजून आहे म्हणे."

"चौदाशे वर्सांचा हौद, आनि अजून पानी?"

बेला सुलक्षणाकडे बघून हसली. "झालं. आता हे आपल्याआधी विमानतळावर."

खरं कारण गर्शोननं पोटातच ठेवलं. पुढच्या गुरुवारच्या तपासणीनंतर काठी खुंटीला लागणार असेल, तर त्याआधी एकदा जगातलं थोरलं पाणी ऐकून घ्यावं. बॅगेत त्यानं दोन शर्ट भरले आणि काठी जुन्या चादरीत गुंडाळून खांद्यावर घेतली.

इस्तंबूलच्या विमानतळावर कस्टमवाल्यानं ती चादर सोडली आणि भुवया चढवल्या. बंदूक नाही, भाला नाही, मग काय आहे? वर्गातले वीसजण मागं खोळंबले. गर्शोननं त्याला हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवायला लावलं, काठीचं खालचं टोक त्यावर टेकवलं आणि चकती त्याच्या कानाशी धरली. कस्टमवाल्याचे डोळे वाटोळे झाले. त्यानं शेजारच्याला बोलावलं, त्यानं आणखी एकाला. तिघं आळीपाळीनं घड्याळ ऐकत लहान पोरांसारखे खिदळले. तिसऱ्यानं आपली मिशी सावरत काठी गर्शोनपुढं केली, आता तू ऐक म्हणून. गर्शोननं ऐकलं. काही नव्हतं. त्यानं तोंडभर हसून अंगठा वर केला.

बसमध्ये मात्र तो सगळं विसरला. वळणावरून गाडी पुढं आली आणि समोर ॲक्विडक्ट उभा! दुमजली कमानी, एका टेकडीवरून दुसऱ्या टेकडीवर चालत गेलेल्या, आणि त्यांच्या पायांमधून मोटारी, हातगाड्या, गाढवं बिनघोर ये-जा करतायत.

"थांबवा! ओ, थांबवा गाडी!" गर्शोन मराठीत ओरडला, आणि भाषा न कळताही ड्रायव्हरनं ब्रेक दाबला.

खाली उतरून त्यानं एक डोळा मिटला आणि कमानींची वरची रेघ बोटानं हवेत ओढली. "बेला, बग. दिसतंय सपाट, पन सपाट नाय. एवढासाच उतार, बोटभर. जास्त दिला तर पानी दगड खातं, कमी दिला तर झोपतं. पंप नाय, मोटार नाय. सोळाशे वर्सांमागं कुना मिस्त्रीनं हे नजरेनं धरलंय!" त्यानं कमानीच्या दगडावर हात फिरवला, घाण्याच्या बैलाच्या पाठीवर फिरवावा तसा.

"आणि ऑटोमन सुलतानांनी ते पुढे नीट ठेवलं, दुरुस्त केलं, वाढवलं," सुलक्षणा वहीतून वाचत म्हणाली.

"मंग सुलतान शहाना म्हनायचा."

शुक्रवारी आयासोफिया. आत पाऊल टाकलं आणि एवढी बोलणारी सुलक्षणासुद्धा गप्प झाली. वर आभाळच बांधून टांगलेलं, त्याच्या कडेनं खिडक्यांची माळ, आणि त्यांतून उतरणारा उजेड सोन्याच्या बारीक बारीक तुकड्यांवर सांडून हलत होता. एकीकडे मेरीच्या मांडीवर बाळ येशू, दुसरीकडे गाडीच्या चाकाच्या दसपट हिरव्या तबकड्यांवर सोनेरी अरबी अक्षरं. चर्च होतं, मशीद झालं, आता म्युझियम आहे; आणि कुणाचंच कुणी पुसून टाकलेलं नाही, सगळं एका छपराखाली नांदतंय. बेलाची मान दुखेपर्यंत वर होती. "अहो, इथे चादर झटकायची तर किती जण लागतील?" ती पुटपुटली.

गर्शोनला सापडले संगमरवरी रांजण. दोन, माणसाहून उंच, एका दगडातून कोरलेले, सुलतानानं ठेवलेले. आणि त्यांना खाली चक्क तोट्या! तो दोन्ही रांजणांभोवती फेऱ्या घालून आला. मग सुलक्षणानं त्याला त्या प्रसिद्ध खांबापाशी नेलं. खांबाला पितळी पत्रा, पत्र्यात भोक. भोकात अंगठा घालून हात पूर्ण फिरवला तर इच्छा पुरी होते, आणि अंगठा ओला निघतो. लोक रांगेनं फिरवत होते. गर्शोननं अंगठा घातला, बाहेर काढला, हुंगला, जिभेला लावला.

"अगं बाई, चाटताय काय!"

"खालून ओल चढतेय, डाक्टरीणबाई. दगड पीतोय. खाली हौद नायतर विहीर असनार, लिहून घ्या."

वर्गातल्या कुणीतरी म्हटलं, ऐकून बघा ना तुमच्या काठीनं. पहारेकरी पाठमोरा होता. गर्शोननं काठी टेकवली, डावा कान लावला, डोळे मिटले. वीस माणसं श्वास रोखून उभी.

"काय ऐकू येतंय?" बेलानं विचारलं.

काठी मुकी होती. "येतंय, येतंय," गर्शोन म्हणाला. "पानी हाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इच्छा मागायची राहूनच गेली होती, आणि आता मागायला त्याला तोंड उरलं नव्हतं. कान त्यानं लपवले होते, पण पाण्याबद्दल खोटं जन्मात पहिल्यांदाच सांगितलं होतं.

दिवस कलायला लागला तसे दोघं लगबगीनं हॉटेलवर आले. शब्बाथ, शुक्रवारच्या संध्याकाळपासूनचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत बेलानं हॉटेलच्या स्वयंपाकघरातून पेलाभर तेल मागून आणलं, हॉस्पिटलच्या कापसाची वात वळली आणि खिडकीत दिवा लावला. काठी कपाटामागं गेली. शब्बाथला काम नाही, पैशाला हात नाही, गाडी नाही, आणि रस्त्यानं ओझं वाहून नेणं तर नाहीच.

शनिवारी वर्ग बसनं तोपकापीचा राजवाडा बघायला गेला. सुलक्षणा खिडकीतून ओरडली, "तुमच्या वाटचे हिरे मी बघून येते हो!" गर्शोन आणि बेला पायी पायी पूल ओलांडून गलात्याच्या चढावर गेले. हॉटेलच्या मॅनेजरनं एका लहानशा सिनेगॉगचा, ज्यूंच्या प्रार्थनाघराचा, पत्ता सांगितला होता. तिथली माणसं आपसांत जुन्या स्पॅनिशसारखं काहीतरी बोलत. दारातल्या म्हाताऱ्यानं गर्शोनला आपादमस्तक न्याहाळलं. कुठून आलात? कार्डिफ. त्याच्या आधी? बॉम्बे. त्याच्याही आधी? गर्शोननं खांदे उडवले, आणि म्हाताऱ्यानं एकदम त्याचे दोन्ही गाल धरून मुके घेतले. हिब्रू नाव विचारून घेतलं: गर्शोन बेन एलियाहू, म्हणजे एलियाहूचा मुलगा गर्शोन. बेला वर बायकांच्या सज्ज्यात गेली.

पाहुण्याला तोऱ्हासमोर, धर्मग्रंथाच्या वाचनाला, बोलावणं हा मोठा मान. वाचन सुरू झालं, गर्शोनची पाळी आली तेव्हा म्हाताऱ्यानं गर्शोनच्या उजव्या अंगाला उभं राहून खणखणीत हाक दिली, "गर्शोन बेन एलियाहू!"

गर्शोन छताचं झुंबर बघत होता.

"गर्शोन बेन एलियाहू!"

झुंबर खरंच सुंदर होतं. तिसऱ्या हाकेला सगळं सिनेगॉग वळून बघायला लागलं. वरून बेलानं पाहिलं, आणि तिच्या डोक्यात दोन वर्षांच्या कितीतरी गोष्टी पटापट जागेवर बसल्या. शेवटी शेजाऱ्यानं कोपर मारलं, तेव्हा गर्शोन धडपडत पुढं गेला आणि आशीर्वाद म्हणाला.

परतताना पुलावर बेला मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूनं चालायला लागली. खाली होड्यांमध्ये मासे तळत होते आणि त्या वासानं जीव कासावीस होत होता, पण शब्बाथला विकत घेणार कसे!

"अहो," ती हळूच म्हणाली, "मी त्या दूधवाल्याबरोबर पळून जाऊ का?"

"हो हो," गर्शोन म्हणाला. "छान हाय."

बेला जागेवर थांबली. त्याला दोन्ही खांद्यांना धरून तिनं आपल्याकडे वळवलं. "किती दिवस झाले?"

त्यानं तिच्या ओठांकडे बघितलं आणि मग पाण्याकडे. "दोन वर्सं."

"दोन वर्षं! आणि मला नाही सांगितलं? म्हणजे त्या निळ्या पडद्यांना तुम्ही हो म्हणालात ते..."

"कुठले पडदे?"

बेलाला हसू आणि रडू एकदमच आलं. मग सगळंच बाहेर पडलं. कँटनची गल्ली, मशीन, गुरुवार, स्टोअर, आणि कालचा तो खांब. "मला कायसुदिक आयकू आलं नव्हतं, बेला. त्या मानसांनी टाळ्या वाजवल्या."

"स्टोअरात बसलात तर मला काही कमी पडणार नाही," बेला मोठ्यानं, शब्द सुटे करून म्हणाली. येणारेजाणारे बघायला लागले. "पण खोटं वागून कामावर राहायचं नाही. फुटली एखादी गल्ली आणि बुडालं कुणाचं पोर, तर? गुरुवारी जे असेल ते सांगायचं."

"आनि काठी?"

बेलानं बाजू बदलली आणि त्याच्या डाव्या हाताला धरून चालायला लागली.

रविवारी हौद. रस्त्यावरच्या एका साध्या घरातून पायऱ्या खाली उतरत होत्या, आणि खाली उतरलं की शहर नाहीसं. चार पिवळे दिवे, ओल्या फळ्यांचा धक्का, आणि त्यापुढं काळं, गुळगुळीत पाणी. पाण्यातून खांबच खांब उभे, रांगेमागं रांग, शेवट अंधारात. प्रत्येक खांब खाली पाण्यात उलटा.

"बाप रे," गर्शोन कुजबुजला. "हे बांधनाऱ्याला कुनी साहेब म्हनलं असंल का मिस्त्री?"

"थेंब पडतायत, ऐकलंत?" सुलक्षणा म्हणाली आणि बेलानं तिला डोळ्यानं दटावलं. बेलाला कालच सगळं कळलं होतं.

गर्शोननं तरीही जवळच्या खांबाला काठी लावली. उजवा कान, मग डावा. मुकी. ठीक आहे, म्हणाला मनाशी, बघितलं तरी. तेवढ्यात बेलाचा पाय ओल्या फळीवर सटकला. त्यानं एका हातानं कठडा धरला, दुसऱ्यानं बेलाला, आणि काठी पाण्यात जायला लागली तशी तोंड पुढं करून दातांनी पकडली. खालचं टोक खांबाला टेकलेलंच होतं.

टप्प.

तो हलला नाही. आवाज कानातून आला नव्हता. जबड्यातून चढून थेट कवटीत भरला होता. टप्प. जवळचा जाड थेंब. टिप. लांबचा, बारीक. टिप टिप, अंधारातले कितीतरी. वरून रस्त्यावरच्या गाडीची घरघर, पहारेकऱ्याच्या बुटांचे खिळे, फळीखाली पाण्याची चुळबुळ. दोन वर्षं बंद पडलेलं घर कुणी दार लाथाडून उघडावं तसं.

ओरडायला त्यानं तोंड उघडलं आणि काठी निसटली. शांतता. झेलून पुन्हा चावली. टप्प! पुन्हा सोडली, पुन्हा चावली. बेलाला वाटलं, ह्यांना झटका आला.

"बेला!" त्याचा आवाज छताला थडकून दहा बाजूंनी परत आला. "मामा बहिरा होता गं!"

"कोण मामा?"

"सियोनमामा! तुसडा नव्हता, घमेंड नव्हती, ठार बहिरा होता! तीस वर्सं हाडानं आयकलं त्यानं, आनि कुना भाड्याला पत्ता लागू दिला नाय!" तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. चकतीच्या कडेला, मामाच्या दातांच्या वणांतच त्याचे दात बसले होते.

"खरं की कालच्यासारखं?" बेलानं कंबरेवर हात ठेवले. "तिकडे तोंड करा. सुलक्षणा, जा त्या शेवटच्या कठड्यापाशी आणि वाजव."

सुलक्षणानं केसातला आकडा काढला आणि खांबावर हलकेच टकटक केलं. गर्शोननं पाठमोऱ्यानं चार बोटं वर केली. चारच होते. दुसऱ्यांदा दोन. तिसऱ्यांदा तिनं काहीच वाजवलं नाही, आणि त्यानं मूठ दाखवली. "चीटिंग करता येत नाही हो ह्यांना!" ती टाळ्या पिटत ओरडली. पहारेकरी रागावून आला, आणि पाच मिनिटांनी तोही काठी चावून डोळे मिटून उभा होता.

मग त्या दिवशी गर्शोनला कुणी आवरू शकलं नाही. सुलतानांच्या काळचे पाणपोईचे नळ, संगमरवरी, ट्यूलिपची फुलं कोरलेले. जो दिसेल त्याला काठी टेकवून हा चकती चावून उभा. निळ्या मशिदीतल्या हजारो निळ्याहिरव्या फरशा बघताना त्यानं पाचच मिनिटं काठी खाली ठेवली. बाहेर ओळीनं हात-पाय धुणाऱ्या माणसांच्या शेवटी जाऊन उभा राहिला आणि भिंतीतल्या नळातून पाणी कुठून कसं येतं ते बेलाला सांगत सुटला. "इथून वळलं. इथं अरुंद झालं. इथं कुनीतरी तोटी पुरी बंद केली नाय."

एका बोळातल्या लहानशा मशिदीच्या आवारात तर त्याला सूं सापडलं. खरंखुरं, ओल्या लाकडाचं सूं. फरशीवरून सरकत सरकत त्यानं जागा पक्की केली आणि खडूनं फुली मारली. तिथला म्हातारा रखवालदार धावत आला. गर्शोननं हातवारे केले: इथं, खाली, पाणी, फुटलंय! म्हाताऱ्यानं फुलीकडे बघितलं आणि पोट धरून हसायला लागला. त्यानं बोट केलं. फुलीपासून दोन हातांवर फरशी फोडून अंजिराचं झाड वर आलं होतं, जाडजूड, हिरवंगार. त्यानं आधी जमिनीकडे, मग झाडाकडे आणि मग स्वतःच्या तोंडाकडे बोट दाखवलं, आणि ओंजळभर अंजिरं आणून बेलाच्या पदरात घातली.

"गळती ठाऊक आहे त्यांना," बेला खात खात म्हणाली. "बुजवतील कशाला?"

गुरुवारी डेपोत मशीन आलं. कानावर काळे डबे, आवाज आला की बटण दाबायचं. तीन माणसांनी पटापट दाबलं. गर्शोननं डावीकडे दोनदा दाबलं, उजवीकडे एकदाही नाही. प्रिचर्डनं कागद बघितला आणि त्याचे लाल गाल उतरले.

"मशीन बरोबर आहे," गर्शोन त्याच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला. "दोन वर्षं मी लपवलं. कँटनची गल्ली माझ्या नावावर लिहा. पण, मिस्टर प्रिचर्ड, स्टोअरला पाठवायच्या आधी मला एक गल्ली द्या. कुणाला न सापडलेली."

प्रिचर्डनं पेन्सिल चावत तक्रारींची वही चाळली. "रोथमध्ये एक आहे," तो शेवटी म्हणाला. "तीन आठवडे पाणी कमी येतंय. दोघं ऐकून आले, दोनदा खणलं. काही नाही."

शुक्रवारी पहाटे पुन्हा तोच लोंबकळता पाऊस. प्रिचर्ड, दोन कुदळवाले आणि गर्शोन. पहिल्या झाकणाशी गर्शोननं काठी टेकवली आणि वाकून चकतीची कड दातांत धरली. कुदळवाल्यांनी एकमेकांना कोपरं मारली.

"नाश्ता करून नाही आला वाटतं," एकजण म्हणाला.

गर्शोनला ते ऐकू आलं नाही. दुसरं झाकण, तिसरं, चौथं. चौथ्यापाशी तो थांबला. पाचव्याकडे गेला, परत चौथ्याकडे आला, मग रस्त्याच्या मध्यावर दगडावरच काठी टेकवून तसाच चावून उभा राहिला. सगळ्या खणलेल्या जागांपासून लांब, समोरच्या बाजूला, एका पोस्टाच्या पेटीखाली त्यानं फुली मारली.

"तिथून मेन पाइप जातच नाही," प्रिचर्ड म्हणाला.

"मेन नाय. पानी जातंय," गर्शोन मराठीतच म्हणाला आणि बोटानं खाली दाखवलं.

तीन फुटांवर कुदळीला जुना शिशाचा पाइप लागला, कुठल्याच नकाशात नसलेला, आणि त्याच्या सांध्यातून पाणी सूं करत बाहेर येत होतं. कुदळवाला खड्ड्यातून वर बघत राहिला. मग त्यानं टोपी काढली.

प्रिचर्डनं काठी मागून घेतली. चकती कोटाला पुसली, इकडेतिकडे बघितलं आणि दातांत धरली. त्याच्या भुवया वर गेल्या. "देवा," तो काठी तोंडात धरूनच म्हणाला, "हे तर डोक्यात येतंय!"

"माझ्या मामाची पद्धत आहे."

"आता फॉर्मवर मी काय लिहू? कानाच्या रकान्यात?"

"लिहा, दात. स्वतःचे."

प्रिचर्ड हसला, पण लगेच गंभीर झाला. "डॉक्टरला कान दाखवायचे, गर्शोन, बाख. आणि रस्त्यात एकटं नाही. मागून गाडी आलेली तुला कळत नाही. एक माणूस बरोबर राहील. कबूल असेल तर तुझी गल्ली तुझी."

"कबूल," गर्शोन म्हणाला. डॉक्टर माधवशी सुलक्षणा बोललीसुद्धा होती, पण ते सांगायला वेळ नव्हता. शुक्रवार होता. ऑक्टोबरातला दिवस लवकर बुडतो, आणि शब्बाथच्या दिव्याच्या आत घरी पोचायचं तर अजून बारा झाकणं राहिली होती. त्यानं काठी बाहीला पुसली आणि पुढं निघाला. सहावं झाकण गंजून बसलं होतं. गुडघ्यावर बसून त्यानं ते कडेकडेनं ठोकलं, उचकटलं, आणि आत साचलेला पाला हातानं बाहेर काढायला लागला.